डिग्री तिकडची, नोकरी कुठली?

कासू स्टेशनात उतरणारी माणसं मोजकीच. पेण सुटलं की पुढचं स्टेशन कासू, मग नागोठणे, आणि शेवटी रोहा. परवा त्या दिवा-रोहा गाडीत एक ओळखीच्या वहिनी भेटल्या. पिशवीत पेणचे पोहे-पापड, आणि चेहऱ्यावर काळजी. त्यांची लेक २०१८ मध्ये रशियात डॉक्टरकीला गेली होती. महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनीचा तुकडा गेला, त्याचा मोबदला आला, वर बँकेचं कर्ज काढलं आणि पोरीला पाठवलं. ती २०२४ मध्ये डिग्री घेऊन आली. त्यानंतर इथली परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. आता म्हणते, मी परत रशियात जाते, तिकडेच पुढचं शिकते आणि नोकरी करते.

‘‘सहा वर्षं एकटी राहिली ना गं तिकडे, तेव्हा आम्ही कधी नाही म्हटलं का?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘पण ते शिकायला होतं. आता कमवायला राहते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?’’

मला हे वाक्य घरी येईपर्यंत पुरलं. पोरगी आपले पैसे खर्च करत परदेशात एकटी राहिली तर ते कौतुक, आणि स्वतःचे पैसे मिळवत राहिली तर बभ्रा! पण वहिनींना दोष द्यावा असंही वाटेना. कारण मुलीला तिकडे नोकरी मिळेल का, कशी मिळेल, हे २०१८ मध्ये त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एजंटाच्या रंगीत पत्रकात हॉस्टेल होतं, भारतीय जेवण होतं, ‘पूर्ण शिक्षण इंग्रजीतून’ हे ठळक अक्षरांत होतं. सगळी मेख त्या शेवटच्या ओळीतच आहे.

कशी, ते बघू. रशियात वैद्यकीय पदवी हातात पडली म्हणून कोणी डॉक्टर म्हणून खुर्चीत बसत नाही. २०१६ पासून तिथे पदवीनंतर ‘अ‍ॅक्रेडिटेशन’ सुरू झालं. आधी लेखी चाचणी, तिच्यात सत्तर टक्के हवेत. मग प्रत्यक्ष कौशल्यं दाखवायची आणि शेवटी रुग्णांचे प्रश्न सोडवायचे. हे सगळं रशियन भाषेत. ते पार पडलं की एखाद्या वस्तीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागता येतं. आता सहा वर्षं इंग्रजी वर्गात काढलेल्या आणि बाजारात बटाटे मागण्यापुरतं रशियन शिकलेल्या मुलीने काय करावं? म्हातारी आजी समोर बसून छातीत कसं दुखतं ते आपल्या बोलीत सांगणार, आणि ही मान डोलावणार!

बरं, आपल्याकडचा नियम उलटा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जे नियम काढले, त्यांत म्हटलंय की परदेशातलं शिक्षण इंग्रजीतूनच हवं, किमान ५४ महिन्यांचं हवं, वर बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी. आणि याच नियमांत आणखी एक कलम आहे, त्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. ज्या देशात शिकलात, त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच डॉक्टरकी करण्याचा हक्क तुम्हाला मिळायला हवा. म्हणजे ‘मी काय तिकडे राहणार नाही, मला काय करायचंय’ असं म्हणून भागत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकीला हे लागू आहे. तिकडे काम करता येण्याचा प्रश्न आता इकडच्या कामाशी बांधला गेलाय. शिकायचं इंग्रजीतून, आणि लायक ठरायचं रशियनमधून. दोन्ही सरकारं आपापल्या जागी बरोबर असतील, पण मधल्या मधे पोरगी चेपते.

पूर्वी असं नव्हतं. मॉस्कोत १९६० मध्ये मैत्री विद्यापीठ निघालं, पुढच्या वर्षी त्याला पॅट्रिस लुमुंबांचं नाव दिलं गेलं. सोव्हिएत काळात परदेशी मुलांना पहिलं वर्ष नुसती भाषा शिकवत, मग खरा अभ्यास, तोही रशियनमधून. ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटायचं, पण पुढे तेच उपयोगी पडायचं. आपल्याकडेही तेव्हा त्या भाषेला काम होतं. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सोव्हिएत मदतीने उभी राहिली, नाशिकजवळ ओझरला मिग विमानं बनू लागली. रशियन येणाऱ्या माणसाला तेव्हा किंमत होती. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये गेला आणि त्यानंतर ‘भाषेची गरज नाही’ हीच विक्रीची जाहिरात झाली.

वहिनींची लेक मात्र त्यातली नाही. तिसऱ्या वर्षापासून ती खोलीमालकिणीकडे बसून रशियन शिकली. वॉर्डात बाकीची मुलं मागे उभी राहायची, तेव्हा ही पुढे होऊन ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे ‘कुठे दुखतंय?’ असं विचारायची. मी फोनवर तिला विचारलं, तुला तिकडे नक्की का जायचंय? म्हणाली, ‘‘मावशी, तिकडे डॉक्टर म्हणजे बाईच असं लोक धरून चालतात. मला कोणी सिस्टर म्हणून हाक मारली नाही.’’

तिचं खरं आहे. रशियात दर दहा डॉक्टरांमागे सात बायका आहेत, आणि हे सोव्हिएत काळापासूनचं आहे. याची दुसरी बाजूही तिला माहीत आहे. सरकारी दवाखान्यातला पगार बेताचा, कामाचा रगाडा मोठा. खेड्यात डॉक्टर जाईना म्हणून तिथल्या सरकारने २०१२ पासून दहा लाख रुबल देण्याची योजना काढली. आपल्याकडे ग्रामीण सेवेच्या बाँडवरून काय चालतं ते आठवा, म्हणजे कळेल.

आता कागदांचं. हा भाग रटाळ आहे, पण आयांनी तोच नीट वाचावा. शिक्षण संपलं की विद्यार्थी व्हिसाही संपतो. शेजारच्या उझबेक, ताजिक लोकांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे कामाचा ‘पेटंट’ काढून ते कामाला लागतात. भारतीयांना ती सोय नाही. आपल्याला मालकाने बोलवावं लागतं. जास्त पगाराच्या तज्ज्ञांसाठी वेगळा रस्ता आहे, पण त्याची अट मार्च २०२४ पासून तिमाहीला साडेसात लाख रुबल झाली. नव्या डॉक्टरला तेवढं कोण देणार? मग उरतात दोन वाटा. जानेवारी २०२३ पासून रशियाने विद्यार्थ्यांसाठी तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना सुरू केलाय. तो शिक्षण संपल्यावरही १८० दिवस चालतो, आणि त्यावरून पुढे कायम वास्तव्याचा अर्ज सोप्या रीतीने करता येतो. या मुलीने शेवटच्या वर्षी तो काढला असता, तर आज चित्र वेगळं असतं. कोणी सांगितलंच नाही. दुसरी वाट म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, ‘ऑर्डिनातुरा’. पूर्णवेळ शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना २०२० पासून वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. ती हीच वाट धरते आहे.

पैशाचंही बघायला हवं. २०२२ च्या युद्धानंतर रशियातल्या कित्येक बँका जगाच्या व्यवहारातून तुटल्या, व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथलं काम थांबवलं. रुबलमध्ये मिळवायचं आणि पेणच्या बँकेत कर्जाचा हप्ता भरायचा, ही कसरत आहे. आधी हिशेब मांडून मगच निघावं.

आणि एक धोका मोठ्या अक्षरांत सांगते. ‘रशियात नोकरी, परीक्षा नाही, भाषा नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. मदतनीस म्हणून नेलेल्या आपल्या मुलांना तिकडच्या सैन्यात ढकललं गेलं. अशी १२६ प्रकरणं असून त्यांतले बारा जण मेले, असं जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. मुली यातून सुटतात असंही नाही. ततारस्तानातल्या अलाबुगा इथे शिक्षण आणि नोकरी म्हणून नेलेल्या अठरा ते बावीस वयाच्या आफ्रिकी मुली ड्रोन जोडायच्या कामाला लावल्या गेल्या, हे २०२४ मध्ये असोसिएटेड प्रेसने उघड केलं. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीला आले तेव्हा तात्पुरत्या कामासाठी माणसं पाठवण्याचा करार झालाय. चांगलंच आहे, पण त्याच्या नावावर जाहिरातींचं पीक येईल, असं मला वाटतं.

इथे राहूनही मार्ग आहेच. परदेशी पदवीधरांची ती चाळणी परीक्षा २००२ पासून आहे, वर्षात दोनदा होते, तीनशेपैकी दीडशे गुण हवेत. जून २०२४ मध्ये पाचांतली जेमतेम एक व्यक्ती पास झाली. हे आकडे पाहिल्यावर दोनदा हुकलेल्या मुलीला ‘नापास’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी जरा जीभ आवरावी. तिने मात्र दोन्ही ठेवायचं ठरवलंय. डिसेंबरची परीक्षा देणार, आणि ऑर्डिनातुराचा अर्जही करणार.

गेल्या रविवारी मी कासूला गेले. अंगणात वालाच्या शेंगांची पोपटी लागली होती. शेजारचं एक कुटुंब आलं होतं, मुलगी बारावीला, हातात तसलंच रंगीत पत्रक, यंदाचं बिश्केकचं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं, पत्रक उलटंपालटं केलं आणि विचारलं, ‘‘तिकडे पास झाल्यावर तिकडच्या दवाखान्यात नोकरीला लागलेली आपली एक तरी मुलगी आहे का? तिचा फोन नंबर एजंटाकडून आणा. मी बोलते तिच्याशी.’’

वहिनी मडकं उकरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘आणि तिला रशियन कुणी शिकवलं, तेही विचार.’’