लिलाव नको, हजेरीपट हवा



काही दिवसांपूर्वी शहरातल्या महिला संघटनांच्या बैठकीत मी एक विषय मांडला. महापालिकेच्या मैदानांवर मुलींसाठी बास्केटबॉलचे दोन खांब आणि संध्याकाळचे दिवे मागू या, असा. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एक ज्येष्ठ ताई हसून म्हणाल्या, "अगं, इथे बाई जाळली जातेय, रेशन मिळत नाही, आणि तू चेंडू घेऊन कुठे निघालीस?" सगळ्या हसल्या. चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीवर ढकललेल्या विषयांचं काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सरकारी कचेऱ्यांबद्दल आपली तक्रार हीच तर असते.

ताईंचा मला राग आला नाही. त्यांच्याशी मला भांडायचं मात्र आहे. आणि त्यांच्याहून जास्त भांडायचं आहे ते "मुलींच्या खेळाला प्रेक्षकच नाहीत, मग पैसा कोण लावणार?" असं म्हणणाऱ्या शहाण्यांशी.

मुकुंदवाडी परिसरातल्या एका वस्तीत काम करताना एक मुलगी भेटली. चांगली उंच, हाताने चपळ, शाळेच्या बास्केटबॉल संघात होती. शाळेत चेंडू होते ते सात नंबरचे, म्हणजे पुरुषांचे. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, आकाराने आणि वजनाने थोडा लहान असतो, हे तिथे कुणी लक्षात घेतलंच नव्हतं. तरी पोरगी खेळत राहिली. दहावीनंतर तिच्या वडिलांनी मला विचारलं, "म्याडम, पोरगी खेळती चांगली, पर याचं पुढं काय? नोकरी लागती का ह्याच्यावर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारावीनंतर तिचा खेळ सुटला.

अशा बापाला मागासलेला म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आपण कार्यकर्त्या पुष्कळदा तेच करतो. पण बारकाईने पाहिलं तर त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. मुलाचा बापही हाच प्रश्न विचारतो. फरक एवढाच, की मुलाला उत्तर शोधायला दहा वर्षं मिळतात आणि मुलीला स्थळ येईपर्यंत.

लीगवाल्यांनी काय दिलं?

व्यावसायिक क्लब आले की खेळाडूंचं भलं होतं, असं गेली काही वर्षं आपण ऐकतो आहोत. २०१५ साली बास्केटबॉलची यूबीए लीग आली. तीत पुणे पेशवाज होते, मुंबई चॅलेंजर्स होते. २०१७ नंतर ती बंद पडली. पुढे २०२२-२३ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली, तीत मुंबई टायटन्स हा संघ होता. दोन्ही ठिकाणी शहरांच्या नावाने उतरलेले हे संघ पुरुषांचे होते. पुणे सगळ्यांचं, मुंबई सगळ्यांची, पण त्यांच्या नावाचा सदरा घालायचा मुलांनी!

प्रेक्षक नाहीत म्हणता? मग कबड्डीचं बघा. बायकांची कबड्डी आशियाई खेळांत २०१० साली आली. त्या वर्षी आणि २०१४ सालीही आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं. त्याच २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, आठ संघ, आठही पुरुषांचे. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांची छोटीशी स्पर्धा पुरुषांच्या सामन्यांना जोडून घेतली. संघांची नावं फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. एकाही संघाला गाव नव्हतं. ज्या संघाला गाव नाही त्याच्यामागे गावकरी कसे उभे राहणार? एका हंगामात ती गुंडाळली. २०१८ मध्ये आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात आपल्या मुली इराणकडून हरल्या. इराणी मुलींना शिकवणाऱ्या होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. गुण आपल्याकडे आहे, त्याला जागा नाही, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

खो-खोची तीच गत. पुण्यात २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोत सहा संघ, सगळे पुरुषांचे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी तो जिंकून दाखवला. म्हणजे आधी विश्वचषक आणायचा आणि मग क्लबची वाट बघायची. पुरुषांना आधी क्लब मिळतो.

क्रिकेटचं उदाहरण कुणी देईलच. हो, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. मला आनंदच झाला. पण पुरुषांची आयपीएल २००८ ची आहे. पंधरा वर्षं थांबावं लागलं, आणि तेही देशातल्या सर्वांत श्रीमंत खेळात. शिवाय 'लिलाव' या शब्दाने माझ्या अंगावर काटा येतो. पुरुष खेळाडूंचाही लिलाव होतो, मान्य. पण बाईची किंमत चारचौघांत ठरवायचा रिवाज मोडायला आपण हुंड्याविरुद्ध उभ्या राहिलो ना? मग ज्या चारजणींवर बोली लागली त्यांच्यासाठी टाळ्या वाजवताना ज्या चारशेजणींचं नावच पुकारलं गेलं नाही, त्यांच्याबद्दल कोण बोलणार?

हजेरीपटाचा इतिहास

त्या बापाच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधत गेले. ते लीगमध्ये सापडलं नाही, रेल्वेत सापडलं.

आपल्या देशात बायकांचं बास्केटबॉल टिकलं ते मुख्यतः रेल्वेच्या हजेरीपटावर. गीतू अॅना जोस ही केरळची खेळाडू दक्षिण रेल्वेत होती. पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळली आणि २०११ साली अमेरिकेतल्या क्लबांच्या निवड चाचणीपर्यंत पोचली. केरळचं वीज मंडळ महिलांचा संघ बाळगून आहे. भारताची कर्णधार राहिलेली पी. एस. जीना तिथली. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या गटात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला दोन गुणांनी हरवलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. तीही रेल्वेकडून खेळणारी.

रेल्वे किंवा वीज मंडळ काही स्त्रीमुक्तीवादी नाहीत. पण तिथे पगार आहे, रजा आहे, बाळंतपणाची रजा आहे, आणि गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शिल्लक राहते. मुलीच्या बापाला हे समजतं. "रेल्वेत लागली" या दोन शब्दांनी जेवढ्या मुलींना मैदानावर राहू दिलं, तेवढं आपल्या भाषणांनीही केलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. युरोपात लात्विया नावाचा एक चिमुकला देश आहे. लोकसंख्या १८-१९ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या जिल्ह्याच्या निम्मी. त्याची राजधानी रीगा. तिथे १९५८ साली मुलींचा एक बास्केटबॉल क्लब निघाला. नाव टीटीटी. काय असेल याचा अर्थ? कुठल्या राणीचं नाव नाही, पक्ष्याचं नाही. टीटीटी म्हणजे ट्राम आणि ट्रॉलीबस चालवणारी शहराची संस्था! या ट्रामवाल्यांच्या संघाने १९६० ते १९८२ या काळात युरोपातल्या क्लबांचं अजिंक्यपद अठरा वेळा जिंकलं.

त्या संघात उल्याना सेम्योनोवा होती, उंची सात फुटांच्या आसपास. आपल्याकडे साडेपाच फुटांची मुलगी झाली तरी आई म्हणते, "हिला नवरा कुठून आणायचा?" सेम्योनोवाच्या उंचीला शहराने काम दिलं. बायकांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलंच मुळी १९७६ साली. त्या वर्षीचं आणि १९८० चं सुवर्ण तिच्या संघाने, म्हणजे सोव्हिएत संघाने, जिंकलं. १९९३ साली अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात तिला जागा मिळाली.

मी काही सोव्हिएत राजवटीचे गोडवे गात नाही. तिथे खेळाडू कागदावर हौशी होत्या, आणि पदकं बायकांसाठी कमी, देशाच्या प्रतिष्ठेसाठी जास्त हवी होती. १९९१ मध्ये लात्विया स्वतंत्र झाला. क्लब आजच्या बाजारात उतरला, नाव मात्र तेच राहिलं. माझा मुद्दा एवढाच, की मुलींच्या खेळाचं रोप आधी सार्वजनिक पैशावर वाढलं. बाजार आला तो नंतर, फळं काढायला.

आणि बाजार एकटा काय करतो तेही पाहू. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग १९९७ पासून खेळली जाते. तरी २०२२ साली तिथला सर्वांत मोठा पगार सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास होता, आणि पुरुषांच्या लीगमध्ये नवखा मुलगाही त्याहून कितीतरी जास्त मिळवत होता. म्हणून नावाजलेल्या खेळाडू सुट्टीच्या महिन्यांत रशिया, तुर्कस्तानात दुसरी पाळी करायच्या. ब्रिटनी ग्राइनर अशीच रशियातल्या क्लबकडे निघाली असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि दहा महिने तुरुंगात राहिली. तिच्यावरचा आरोप वेगळा. पण ऑलिंपिक विजेतीला विश्रांतीच्या दिवसांत तिथे जावं लागलं ते पैशासाठी. दुहेरी पाळी फक्त धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नशिबी असते असं नाही.

मैदान हीसुद्धा कामाची जागा आहे

नोकरी म्हटली की कायदा आला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेची जी व्याख्या आहे, तीत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचं ठिकाण स्पष्ट लिहिलेलं आहे. हे किती प्रशिक्षकांना माहीत आहे? आपल्यापैकी तरी कितीजणींना? कुस्तीगीर मुलींना २०२३ साली जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावं लागलं, त्यानंतरही आपल्या गावातल्या क्रीडासंकुलात तक्रार समितीचा फलक आहे का, हे बघायला आपण गेलो नाही. मीही गेले नव्हते.

कपड्यांचा प्रश्नही आहे. आपल्या शहरात किराडपुरा, रोशन गेट, शहागंज भागांतल्या मुलींना खेळात आणायचं तर तो टाळता येणार नाही. २०१४ च्या आशियाई खेळांत डोक्यावरचा रुमाल काढा असं सांगितल्यावर कतारच्या मुली न खेळता परत गेल्या. २०१७ साली जागतिक बास्केटबॉल संघटनेने नियम बदलला आणि डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. तरी २०२२ च्या अखेरीस फ्रान्सच्या संघटनेने आपल्या देशात ते बंद केलं. एका ठिकाणी घाल म्हणून सक्ती, दुसऱ्या ठिकाणी काढ म्हणून. मुलीला मात्र चेंडू हवा आहे. तिने डोक्यावर काय घ्यावं हे ना मोहल्ल्याने ठरवावं, ना संघटनेने.

आता ताईंना

ताई, तुम्ही म्हणालात ते खरं आहे, बाई जाळली जाते. पण ती जाळली जाण्याआधी काय काय होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यात काही जिल्ह्यांत हे प्रमाण याहून बरंच जास्त आहे. ही लग्नं आपण पोलीस घेऊन मांडवात जाऊन थांबवतो. त्याच्या चार वर्षं आधी त्या मुलीला संघ मिळाला असता, रोज संध्याकाळी तिची वाट बघणाऱ्या नऊ मैत्रिणी आणि "हिला नोकरी लागू शकते" असं बापाला सांगणारी एक प्रशिक्षक मिळाली असती, तर मांडवच पडला नसता, असं मी म्हणत नाही. पण ती एकटी नसती. एकटी नसणं म्हणजे काय, हे संघटनेत तीस वर्षं काढलेल्या बाईला मी सांगायला नको.

महापालिकेच्या महिला-बालकल्याण निधीतून शिलाई मशीनं येतात. आली पाहिजेत. पण मुलीने कायम मान खाली घालून, एका जागी बसूनच कमवावं, हा त्यामागचा विचार आपण कधी तपासणार?

म्हणून माझं मागणं असं:

१. महापालिकेच्या मैदानांवर संध्याकाळचे ठरावीक तास मुलींचे असावेत. दिवे, स्वच्छतागृह, सहा नंबरचे चेंडू आणि महिला प्रशिक्षक असावी. पूर्ण मैदान नसेल तर अर्धं चालेल. तीन-तीन जणींचा सामना अर्ध्या मैदानावर होतो आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकचाही खेळ आहे.

२. आपल्या शहरात २०१९ पासून शहर बस धावते. रीगाच्या ट्रामवाल्यांना १९५८ साली जे जमलं, ते आपल्या बसला, एसटीला, महावितरणला का जमू नये? मुलींचा संघ, आणि प्रत्येकीचं नाव हजेरीपटावर.

३. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना सामाजिक जबाबदारीचा निधी खेळाच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. तो जाहिरातीच्या एका दिवसावर न उधळता मुलींच्या वर्षभराच्या मानधनासाठी मागू या.

४. सार्वजनिक स्टेडियम किंवा आपल्या शहराचं नाव वापरणाऱ्या प्रत्येक लीगला महिला संघाची अट हवी. ती मान्य नसेल तर आमच्या गावाचं नाव वापरू नका.

५. प्रत्येक क्रीडासंकुलात तक्रार समिती आणि तिचा दर्शनी फलक हवा. याची पाहणी मात्र आपणच करायची, पुढच्या महिनाभरात.

ती मुलगी आता एका कापड दुकानात कामाला आहे. वरच्या फळीवरचे गठ्ठे स्टूल न घेता काढते म्हणून मालक खूश असतो. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, खांब लागले तर सांगा. दुकान नऊला सुटतं."

दिवे नऊनंतरही चालू ठेवावे लागतील, एवढं मागणीत वाढवून घ्या. आणि पुढच्या बैठकीत हा विषय चहाच्या आधी घ्या.