‘परवा’ म्हणजे नक्की कधी?

बदलापूर लोकलमधून मित्र फोनवर म्हणतो, ‘आलोच!’ गाडी अजून उल्हासनगरलाच असते. क्रियापद भूतकाळाचं, येणं मात्र अजून बाकी! ‘परवा’चंही तसंच. परवा गेलो की परवा जाईन, ते क्रियापदावरूनच कळतं.

इंडोनेशियन भाषेत उलटं आहे. तिथे क्रियापद काळानुसार बदलतच नाही. ‘साया माकान’ म्हणजे मी जेवतो किंवा जेवलो. नेमका काळ सांगायला वेगळा शब्द जोडायचा: ‘कमारिन’ काल, ‘बेसोक’ उद्या, ‘सुदाह’ झालं, ‘सदांग’ चालू आहे, ‘आकान’ होणार. म्हणून त्या लोकांना वेळेचं भान नाही, असं समजाल तर फसाल. भाषा शिकताना नुसते काळांचे तक्ते घोकू नका; ती भाषा वेळ कुठे ठेवते, ते शोधा.

आणि एक शब्द आजच उचला: ‘बलुम’, म्हणजे ‘अजून नाही’. ‘लग्न झालं का?’ असं विचारलं की तिथे सरळ ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘बलुम’ म्हणतात. केटी सुटली का, नोकरी लागली का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तर तुम्हीही मान खाली घालू नका. ‘अजून नाही’ म्हणा, आणि अभ्यासाला बसा.