कमी पाण्यात फुलणारे अंगण

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये जुन्या घरांपुढे अजूनही लहानसे अंगण दिसते. १८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर वसलेल्या या भागात रस्त्यांनाही झाडांची नावे आहेत : संपिगे म्हणजे सोनचाफा, मार्गोसा म्हणजे कडुनिंब. पण मार्च २०२४ च्या टंचाईत शहरात बागेला पिण्याचे पाणी घालण्यास बंदी झाली. दंड होता ५,००० रुपये. अशा वेळी बाग तगवायची, तर वाफ्याची आखणी आधीच विचारपूर्वक करायला हवी.

रोपांची निवड
प्रथम अंगणात ऊन किती वेळ येते ते पाहा. भरपूर ऊन असेल तर मागे जास्वंद, तगर. पुढे बुटकी सदाफुली लावा. अर्धवट सावलीत अबोली छान फुलते, तर दाट सावलीत स्नेक प्लांट तग धरतो. हिरवळीला पाणी फार लागते, म्हणून तिचा मोह टाळा. घरात लहान मुले असतील तर विषारी कण्हेर लावू नका. लागवड पावसाच्या सुरुवातीला करा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल जातात.

मातीवर पांघरूण
माती ओली असताना तिच्यावर वाळलेला पालापाचोळा किंवा नारळाच्या सोडणांचे तुकडे २ ते ३ इंच जाडीने पसरा. ओल टिकते, तण कमी उगवते आणि पाला कुजून खत होते. खोडाभोवती २ इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजते. घराच्या भिंतीपासूनही थर दूर ठेवा. वाळवीचा धोका असतो. पांढरी खडी सुबक दिसते, पण उन्हात तापते.

तेव्हा दारातला पाचोळा जाळू नका; तो वाफ्यातच घाला.