पेन्शन म्हणजे काय, ते आपल्या आज्याला विचारा



शिरढोण म्हटलं की वासुदेव बळवंत फडके. १८४५ साली इथं जन्मले, पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली, १८७९ साली बंड केलं, १८८३ साली एडनच्या तुरुंगात गेले. त्यांना हार पडतात. पडोत. पण त्यांच्या बंडात जीव घालणारे रामोशी कोण होते? बापजाद्यांपासून किल्ल्यांची राखण करणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली, किल्ले इंग्रजाकडे गेले, राखणदाराला सांगितलं, घरी जा. घरी काय होतं? भूक. आणि भुकेल्या लढवय्याला सरकारनं नाव दिलं, दरोडेखोर.

हत्यार खाली ठेवलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हा सवाल आपल्याही घरातला आहे.

पलटणीतला महार गावी परतला तेव्हा छातीवर पदक असो की अंगावर जखम, पाणवठा बंद तो बंदच. पण त्याच्याकडं एक गोष्ट होती, जी त्याच्या बापाकडं नव्हती. पेन्शन. महिन्याचा रोख पैसा. बलुत्यासाठी पाटलाच्या दारात उभं राहायला नको, मेलेलं ढोर ओढायला नको. वर छावणीत शिकलेली अक्षरं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले, दापोलीला राहिले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापलं. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मास्तर होते. त्यांच्याच घरात भीमराव वाढले, शिकले. वर्दीनं जात मोडली नाही. पेन्शननं आणि शाळेनं गावकीचा फास सैल केला.

मग १८९० नंतरच्या दशकात 'लढवय्या जातीं'चं खूळ निघालं आणि महारांची भरती बंद झाली. वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली. १९२१ साली मोडली. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या युद्धात पुन्हा आठवण झाली, १९४१ साली महार रेजिमेंट आली.

आणि २०२२ साली अग्निपथ. चार वर्षांची नोकरी. शंभरातले फार तर पंचवीस ठेवणार, बाकीचे घरी. हातात सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख, त्यातल्या मुद्दलाचा निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. माजी सैनिकाचा दर्जा नाही.

मी गोदीत हमाली करतो. गेटावरचा वॉचमन माजी सैनिक असला तर मुकादमाला तोंडावर 'नाय' म्हणतो. कारण नोकरी गेली तरी त्याची चूल विझत नाही. उद्या त्याच गेटावर पंचविशीतला पोरगा उभा राहील, तीच शिस्त, तीच कवायत अंगात मुरलेली. तो 'नाय' म्हणू शकेल? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो एक वेळ शेतावर जाईल. आपला पोरगा कुठं जाईल? नाक्यावर?

पहाटे हायवेच्या कडेनं भरतीसाठी धावणाऱ्या पोरांनो, तुम्हाला धावू नका असं मी कोण सांगणार? पोटासाठीच धावताय. पण चार वर्षं बंदूक धरलेल्या माणसाला माजी सैनिकाचा दर्जा आणि पेन्शन मिळालीच पाहिजे, ही मागणी वस्तीवस्तीतून उठली पाहिजे. वलंगकरांनी अर्ज लिहिला होता. आपण हजारोंनी लिहू. उत्तर आलं नाही तर रस्त्यावर येऊ.

जय भीम.