खडकवासल्याच्या काठावर एक पाटी हवी

विश्रांतवाडी, कळस, दिघी या पट्ट्यात फौजी घरं पुष्कळ. निवृत्तीनंतर इथेच स्थिरावलेले सुभेदार, हवालदार, लष्कराच्या एमईएस या बांधकाम खात्यातली माणसं. या घरांतल्या आजोबा-पणजोबांच्या लोखंडी ट्रंका एकदा उघडा, एवढीच माझी विनंती आहे. शोध मात्र पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खडकवासल्याला चाललेल्या एका युद्धकाळातल्या शाळेच्या खुणांचा आहे; त्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी तिथे नेमणुकीवर असेलही.

दुसऱ्या महायुद्धात एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेने खडकवासला तलावापाशी हेरांची शाळा चालवली, ईस्टर्न वॉरफेअर स्कूल. तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. सिंगापूर जपान्यांच्या हाती जाताना निसटलेला व्यापारी लिम बो सेंग हिंदुस्थानात आला. त्याने जमवलेले चिनी तरुण इथे छुप्या लढाईचे धडे शिकले. मे १९४३ मध्ये पाच चिनी तरुण एसओईचा अधिकारी जॉन डेव्हिस याच्याबरोबर डच पाणबुडीतून मलायाच्या किनाऱ्यावर उतरले. लिम मागाहून गेला आणि मार्च १९४४ मध्ये पकडला गेला. अतोनात छळ झाला, तरी त्याने साथीदारांची नावं सांगितली नाहीत. २९ जून १९४४ रोजी मलायातल्या बातू गाजाच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. वय अवघं पस्तीस.

सिंगापूरने मॅकरिची जलाशयाकाठी त्याची समाधी बांधली, शहरात भर मोक्याच्या जागी स्मारक उभारलं. ज्या जलाशयाकाठी त्याची माणसं तयार झाली, तिथे आपण भाजलेलं कणीस खातो आणि घरी येतो. मला हे सहन होत नाही!

उशीर आधीच खूप झालाय. एसओईचे ढीगभर कागद युद्धानंतर नष्ट झाले. १९६१ च्या पानशेतच्या पुराने पुण्यातल्या कितीतरी घरांतले कागद नेले. आता उरल्या त्या ट्रंका आणि माणसांच्या आठवणी. शाळेची छावणी म्हटली की पाणी, लाकूडफाटा, स्वयंपाक, धुणं आलंच. ती कामं आसपासच्या गावकऱ्यांनीच केली असणार. त्यांची मुलं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्याशी याच महिन्यात जाऊन बोला.

खडकवासला आता महापालिकेत आहे. चौपाटीवर मराठी, इंग्रजी आणि चिनी मजकुराची पाटी लावा, असं पत्र प्रत्येकाने आयुक्तांना लिहावं. एसओईच्या बचावलेल्या फायली लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या प्रती भारत इतिहास संशोधक मंडळात याव्यात, म्हणून वर्गणी काढू. माझी पहिली. आणि ट्रंकेत जुना फोटो सापडलाच, तर त्याच्या मागच्या बाजूचाही फोटो काढा. नाव, गाव, साल बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.