अर्धकोनाचे सूत्र आकृतीतून यावे

त्रिकोणमितीची शालेय पुस्तके मराठीत आणताना एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. अर्धकोनाची सूत्रे तेथे पाठ करावयाच्या यादीत मांडलेली असतात. ती कशासाठी हवी होती, हे विद्यार्थ्याला समजत नाही.

ती हवी होती ज्यांची, म्हणजे साइनची, कोष्टके रचण्यासाठी. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात पावणेचार अंशांच्या टप्प्याने ज्यांतील फरक दिले आहेत: २२५, २२४, २२२, २१९ इत्यादी. पहिल्या चारांची बेरीज ८९०. त्रिज्या ३४३८ मानली असता ही १५ अंशांची ज्या होय. विद्यार्थ्याने ती स्वतः काढून पाहावी. वर्तुळात ३० अंशांचा कंस घ्यावा. त्याची ज्या त्रिज्येच्या निम्मी, १७१९. कोज्या २९७७, आणि ती त्रिज्येतून वजा करता उरणारी उत्क्रमज्या ४६१. ज्या व उत्क्रमज्या या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. त्यांचा कर्ण म्हणजे कंसाची टोके जोडणारी जीवा, सुमारे १७८०. आणि तिचे अर्ध बरोबर ८९०! पुन्हा अर्ध केले की ४४९, मग २२५. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेतही हा नियम आहे. त्रिज्या १ मानताच आपले आजचे सूत्र हाती येते.

आता गणनयंत्र असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु चूक आकडेमोडीत होत नाही, ती वर्गमुळापुढील अधिक-उणे चिन्हात होते. २१० अंशांवरून १०५ अंशांची ज्या काढावयाची आहे. २१० ची ज्या ऋण, म्हणून विद्यार्थी उणे ०.९६५९ लिहून मोकळा होतो. वास्तविक चिन्ह ठरते ते अर्ध्या कोनावरून. १०५ अंश दुसऱ्या चरणात पडतात, तेथे ज्या धन असते. आकृती काढणारा मुलगा येथे सहसा फसत नाही.

स्पर्शज्येच्या बाबतीत तर पुस्तके उगाच वर्गमूळ पुढे करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. वरच्याच त्रिकोणात उत्क्रमज्येला ज्येने भागले की अर्ध्या कोनाची स्पर्शज्या मिळते. २१० अंशांसाठी १.८६६० भागिले उणे ०.५, म्हणजे उणे ३.७३२०, चिन्ह आपोआप बरोबर येते.