झीज आणि ओरखडा

ज्या घरांत एखादें जुनें वाद्य आहे, त्या घरांतील मंडळींस आमची गेल्या महिन्यांतील हकीकत उपयोगी पडेल, म्हणून सांगतों.

आमच्या वडिलांनीं मातोश्रींसाठीं मिरजेहून आणिलेला एक तंबोरा घरीं आहे. मातोश्रींच्या मागें तो माळ्यावर गेला. आतां नात गाणें शिकूं लागल्यावर त्याची खोळ पुनः निघाली. पण जवारी पार गेली होती. तारांच्या घर्षणानें घोडीवर चरे पडले, म्हणजे तार तिला हवी तशी हळुवार स्पर्शत नाहीं आणि नाद बोथट होतो. कारागीर कानशीनें घोडीला पुनः तो सूक्ष्म उतार देतो. काम केसाएवढ्या फरकाचें. म्हणून आम्हीं तो सोलापुरांतील एका दुकानीं दिला.

आम्हां सोलापूरकरांचें या वाद्याशीं नातें जवळचें आहे. मिरजेच्या तंबोऱ्यांस लागणारे मोठे भोपळे आमच्याच जिल्ह्यांतील पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून जातात. मिरजेंत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत वाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. थोडक्यांत, भोपळा आमचा आणि हात मिरजेचा!

आठ दिवसांनीं तंबोरा घरीं आला तो दिवेलागणीला. तारा जुळविल्या आणि खर्जाच्या तारेंतून गांधार स्वच्छ उमटूं लागला. घरांत सर्वांस आनंद झाला. देवापुढें साखर ठेविली गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूर्वेच्या खिडकींतून तिरपें ऊन तबलीवर आलें आणि सौभाग्यवतींची हांक आली, “अहो, हें पाहिलंत का?”

घोडीच्या बाजूला चार बोटें लांबीचा ओरखडा होता, आणि त्याला लागून बारीक दातऱ्यांच्या रेघा. वर मेण चोळलेलें असल्यामुळें दिव्याच्या उजेडांत तो दिसला नव्हता. निरखून पाहतां तबलीच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीचा एक टवकाही उडालेला दिसला.

अंगाची लाही झाली. जाब विचारण्यासाठीं आम्हीं टोपी घेतली खरी, पण उंबऱ्याशीं पाय अडखळला. न्यायशास्त्र चार प्रमाणें मानतें. त्यांतील उपमान येथें कामाचें नव्हतें. प्रत्यक्ष म्हणावें, तर दुकानीं देण्यापूर्वीं आम्हीं तंबोरा उजेडांत पाहिलाच नव्हता. शब्द म्हणावा, तर पावतीवर ‘जवारी’ एवढाच. राहतां राहिलें अनुमान: दातऱ्यांच्या रेघा आहेत, त्या अर्थीं कानस निसटली असावी. पण कोणाच्या हातून आणि केव्हां? तेवढ्यावर दुसऱ्याच्या माथीं दोष मारावा काय?

सुटका नातीनें केली. दुरुस्तीपूर्वीं रियाजाच्या वेळीं मोबाइलवर घेतलेलीं छायाचित्रें तिनें दाखविलीं. त्यांत ओरखडा नव्हता. टवका मात्र होता! तो आमचाच, बहुधा माळ्यावरून उतरवितांना उडालेला. येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. क्षणभर आमच्या मनांत आलें, कीं टवकाही त्याच खातीं मांडावा. एक खरा ठरला तर दुसराही खपून जाईल. पण नात आमच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्यादेखत तो विचार आम्हीं गिळला.

कारागीर वयस्क. तंबोरा त्याच्यापुढें उन्हांत धरून आम्हीं म्हटलें, “नाद तुम्हीं उत्तम लाविलात. हा टवका आमचा, जुना. पण हा ओरखडा आधीं नव्हता.”

आमची चूक आम्हीं आधीं सांगितली म्हणूनच कीं काय, त्यानें वाद घातला नाहीं. तबलीवरून अंगठा फिरवीत तो म्हणाला, “गुरुजी, कानस निसटली. पोराच्या हातून नव्हे, माझ्याच. नजर कमी झालीय. सांगितलं तर लोक काम देणार नाहींत, म्हणून मेण चोळलं.”

आमचा राग तेथेंच ओसरला म्हणणें खोटें होईल. ओरखड्याचा ओसरला, मेणाचा राहिला. शाळेंत शाईचा डाग पडलेली वही घेऊन समोर येणाऱ्या मुलास आम्हीं कधीं छडी मारली नाहीं. पान फाडून लपविणाऱ्यास मारली. पण त्या मुलांस पोट भरावयाचें नव्हतें, हेंही त्या दिवशीं ध्यानांत आलें.

सगळी तबली घासून नवें पॉलिश फुकट करून देण्यास तो तयार होता. तें आम्हीं नाकारलें. लाखेच्या पॉलिशचा गुण असा, कीं स्पिरिटानें जुना थर विरघळून नव्यांत मिसळतो. म्हणून जखमेपुरती लाख भरतां येते. सगळी तबली घासली, तर आधींच पातळ असलेलें लांकूड आणखी पातळ होतें आणि नाद बिघडण्याचें भय. शिवाय दांडीवर मातोश्रींचीं बोटें जेथें फिरत, तेथील रंग उडून लांकूड गुळगुळीत झालें आहे. नव्या चकाकीच्या भरांत हात तेथवर पोंचला असता, तर तेंही गेलें असतें.

अमेरिकन गायक विली नेल्सन यांनीं १९६९ सालीं घेतलेल्या गिटारीस वाजवून वाजवून मोठें भोंक पडलें आहे, तरी त्यांनीं ती सोडली नाहीं, असें नात सांगते. तें भोंक त्यांच्याच हातांची मिळकत. झीज ही वापरानें येते, ओरखडा अपघातानें. झीज जपावी, ओरखडा झाला तर तो करणाऱ्यानें उघड सांगावा आणि सोसणाऱ्यानें शांतपणें ऐकावा.

वाद्य दुरुस्तीस देतांना दोघांनीं मिळून तें दिवसाउजेडीं पाहावें, जुने टवके-चरे पावतीवर लिहावे, छायाचित्रें काढावीं, आणि परत घेतांनाही तसेंच पाहावें. यांत अविश्वास नाहीं. कारागिराचेंही त्यांत रक्षणच आहे.

लाख भरलेला ओरखडा आतां तिरप्या उन्हांत पुसटसा दिसतो. पुढें जवारी गेली, तर तंबोरा त्याच कारागिराकडे जाईल, मात्र सकाळीं.